एन्फील्ड बंदूक आणि तिची कवाईत

जुन्या ब्रिटिश लष्करी बंदुकांचे काही संग्राहक त्या बंदुकांची मूळ कवाईतही शिकतात. या परिश्रमाचे प्रयोजन १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीवरून ध्यानात येते. ०.५७७ इंच व्यासाची तिची नळी मोजता येते. ती भरावयाची कशी, हे मात्र कवाईतच सांगते. प्रथम काडतुसाचे टोक दातांनी तोडून दारू नळीत ओतावयाची. नंतर काडतूस उलटून वंगण लावलेल्या कागदासह गोळी नळीच्या तोंडात बसवावयाची, उरलेला कागद तोडावयाचा आणि गजाने गोळी तळाशी न्यावयाची. म्हणजे दात लागत ते दारूकडील टोकास, वंगण असे ते गोळीकडील टोकास.

तथापि एवढ्यावरून शिपायांचा संशय निराधार ठरत नाही. वंगणात निषिद्ध चरबी असल्यास तिचा स्पर्श हातांसही नकोसा होता. १८५७ च्या आरंभी दातांऐवजी बोटांनी कागद फाडण्याची कवाईत घालून देण्यात आली. तरीही २४ एप्रिल रोजी मीरत येथे बंगाल सैन्याच्या तिसऱ्या घोडदळातील ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली. आणि ती तर एन्फील्डची नसून पूर्वापार वापरातली होती.

कवाईत बदलली, विश्वास परतला नाही. बंदुकीवरून कृती कळते, कृतीवरून आक्षेपाचे नेमके स्थान कळते. त्याचे बळ मात्र तत्कालीन समाजस्थितीतच शोधावे लागते.