नागपूरचा अजब बंगला पाहिलात का?

सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय म्हणजेच आपल्या नागपूरकरांचा ‘अजब बंगला’. 🏛️ रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना, 1863 साली ते सुरू झालं. म्हणजे वय दीडशेहून अधिक!

पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आणि सरपटणारे जीव हे मुलांचं पहिलं आकर्षण. 🦅 पण तिथेच थांबू नका. पुढच्या दालनांत दगडी शिल्पं, शस्त्रं, चित्रं आणि गोंडांसारख्या आदिवासी समाजांच्या वापरातल्या वस्तू आहेत. जंगल आणि जंगलात राहणारी माणसं एकाच छताखाली भेटतात, म्हणून मला ही जागा फार आवडते.

एक गोष्ट मुद्दाम शोधा: गुंगेरियाची तांब्याची हत्यारं. बालाघाट जिल्ह्यातल्या या गावात 1870 साली चारशेहून अधिक ताम्रवस्तू आणि चांदीचे सुमारे शंभर पत्रे एकत्र सापडले. हा साठा पुढे वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरला. त्यातला काही भाग इथे आहे.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. येत्या रविवारी मुलांना घेऊन जा आणि घाई न करता, निवांत बघा. 🙏