भंगारातल्या टाकीतून धुराची भट्टी

अमेरिकेतील टेक्सास राज्यात गावाबाहेरच्या घरांच्या अंगणात पांढऱ्या रंगाची, दोन्ही टोकांना घुमटासारखी गोलाई असलेली आडवी पोलादी टाकी सर्रास दिसते. शहरातील गॅसचे नळ जेथे पोहोचत नाहीत तेथे स्वयंपाकासाठी आणि घर उबदार ठेवण्यासाठी लागणारा प्रोपेन वायू अशा टाकीत दाबाखाली द्रवरूपात साठवला जातो. त्यातली नेहमीच्या वापरातली एक टाकी 500 गॅलनची, म्हणजे सुमारे 1,900 लिटरची असते. वापरातून बाद झालेल्या या टाक्यांना भंगारात एक हक्काचे गिऱ्हाईक मिळते, ते म्हणजे स्वतःच्या हाताने स्मोकर, अर्थात धुरावर मांस शिजवण्याची भट्टी, तयार करणारे हौशी आणि व्यावसायिक कारागीर.

या भट्टीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात जाळ आणि मांस यांच्या जागा वेगळ्या असतात. एका टोकाला लाकूड जाळण्याची पेटी, तिला जोडून मांस ठेवण्याची लांबट टाकी आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला धुराडे अशी तिची मांडणी असून, जाळपेटी बाजूला काढलेल्या या रचनेला ऑफसेट स्मोकर म्हणतात. पेटीतून निघालेली गरम हवा आणि धूर मांसावरून वाहत धुराड्याकडे जातात आणि साधारण 107 ते 135 अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत मांस दहा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक काळ शिजत राहते. खानदेशात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला जी चव येते ती गॅसच्या शेगडीवर येत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला धूर हाही पदार्थातला एक घटक असतो हे वेगळे पटवावे लागणार नाही. मात्र वांगे थेट जाळात भाजले जाते, तर येथे जाळाला मुद्दाम दूर ठेवले जाते.

धुरावर मांस शिजवण्याची टेक्सासची परंपरा या टाक्यांहून बरीच जुनी आहे. जमिनीत चर खणून निखाऱ्यांवर मोठे मांस शिजवण्याची दक्षिणेकडील रीत मुख्यतः गुलामगिरीत जखडलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांच्या कष्टांवर आणि कसबावर उभी राहिली, आणि त्यांचे ऋण मान्य केल्याशिवाय या पाककलेचा इतिहास सांगणे अन्यायाचे ठरेल. पुढे राज्याच्या मध्य भागात स्थायिक झालेल्या जर्मन आणि चेक खाटकांनी आपल्या दुकानांत मांस धुरावर शिजवून विकण्याचा प्रघात पाडला, आणि लॉकहार्टसारख्या गावात विटांच्या भट्ट्या अजूनही पेटतात. विटांची भट्टी जागची हलवता येत नाही, लोखंडाची येते. 1901 मध्ये बोमाँट शहराजवळ स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड फवारा उसळला आणि त्यानंतर वाढत गेलेल्या तेलउद्योगाने टेक्सासात जाड पोलादी नळ, टाक्या आणि ते जोडणारे निष्णात वेल्डर यांची रेलचेल केली, तेव्हा उरलेल्या नळाच्या तुकड्यातून भट्टी घडवणे हे त्या कारागिरांच्या दृष्टीने स्वाभाविक होते. 2009 मध्ये ऑस्टिन शहरात एका ट्रेलरमधून मांसविक्री सुरू करणारे आणि 2015 मध्ये पाककलेतील प्रतिष्ठेचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळवणारे अॅरन फ्रँकलिन यांनीही प्रोपेनच्या जुन्या टाक्यांपासून भट्ट्या बनवल्या आणि त्या कशा बनवाव्यात हे आपल्या पुस्तकात लिहिले, त्यामुळे हे कारखान्यातले ज्ञान सर्वदूर पोहोचले.

प्रोपेनची टाकीच का, याचे उत्तर तिच्या मूळ कामात आहे. आतला दाब सहन करावा लागत असल्याने तिचा पत्रा साधारण पाव इंच, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर जाड असतो. तेलाच्या 208 लिटरच्या पिंपाचा पत्रा त्यामानाने जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचा असतो. जाड पोलाद उष्णता साठवून ठेवते, त्यामुळे झाकण उघडले किंवा थंड वाऱ्याचा झोत आला तरी आतले तापमान एकदम कोसळत नाही. 500 गॅलनच्या रिकाम्या टाकीचे वजन सव्वाचारशे किलोग्रॅमच्या आसपास भरते आणि एवढे पोलाद 100 अंशांनी तापवायला सुमारे 21 मेगाज्यूल ऊर्जा लागते. वाऱ्यावर आणि धुराड्यातून वाया जाणारी उष्णता हिशेबात धरली नाही तरी दीड किलोग्रॅमच्या आसपास सुके लाकूड केवळ पोलाद तापवण्यात खर्ची पडते. पिंपाची भट्टी लवकर तापते आणि लवकर निवते. टाकीची भट्टी तापायला वेळ घेते, पण रात्रभर साथ देते.

तथापि टाकीला कटर लावण्याआधी तिचा पूर्वेतिहास ठाऊक असणे अत्यावश्यक आहे, आणि या बाबतीत कोणतीही घाई क्षम्य नाही. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने तो टाकीच्या तळाशी साचून राहतो, आणि हवेत त्याचे प्रमाण 2 टक्क्यांपासून साडेनऊ टक्क्यांपर्यंत असले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणजेच रिकामी वाटणारी टाकी भरलेल्या टाकीइतकी, किंबहुना तिच्याहून अधिक घातक असू शकते, कारण काठोकाठ वायू भरलेल्या टाकीत ज्वलनाला लागणारी हवा नसते. म्हणून टाकी मोकळ्या जागी, जाळापासून दूर ठेवून जाणकाराकडून झडपा काढून घेतल्या जातात, ती साबणाच्या पाण्याने धुतली जाते आणि मग काठोकाठ पाण्याने भरली जाते, जेणेकरून उरलासुरला वायू बाहेर ढकलला जावा. पहिले छेद बहुधा पाणी आत असतानाच घेतले जातात. गळती ओळखता यावी म्हणून वायूत मिसळलेला इथाइल मरकॅप्टन नावाचा गंधकयुक्त पदार्थ पत्र्यावर चिकटून राहतो आणि त्याचा उग्र दर्प पुढे जाळ करूनच घालवावा लागतो.

सगळ्याच टाक्या या कामाच्या नसतात. पितळी झडपेवर निळसर-हिरवा थर दिसला तर त्या टाकीत कधीतरी अमोनिया भरला गेला असण्याची शक्यता असते. वेल्डिंगच्या अॅसिटिलीन वायूचे नळकांडे तर कधीच कापू नये, कारण त्याच्या आत अॅसिटोन शोषून घेणारा सच्छिद्र भराव असतो आणि जुन्या नळकांड्यांत त्या भरावात अॅस्बेस्टॉसही असते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्डिंगच्या वेळी पांढरा विषारी धूर सोडतो, ज्याने कारागिराला तापासारखा आजार जडतो, आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. महाराष्ट्रातील वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की स्वयंपाकघरातला 14.2 किलोग्रॅमचा सिलिंडर हा ग्राहकाच्या मालकीचा नसून अनामत रकमेवर दिलेली तेल कंपनीची मालमत्ता असते. त्याला हात लावणे धोक्याचे तर आहेच, शिवाय तो अधिकारही ग्राहकाला नाही.

टाकीचा पत्रा वळवताना आणि जोडताना त्यात ताण कोंडलेला राहतो, म्हणून दाराचा चौकोन कापताच पत्रा उसळतो आणि कापलेला तुकडा त्याच भोकात पुन्हा नीट बसत नाही. अनुभवी कारागीर यासाठी चौकट पूर्ण कापण्याआधीच बिजागऱ्या वेल्ड करून घेतात आणि मगच उरलेल्या बाजू कापतात; दाराच्या कडेने आतून वा बाहेरून फ्लॅट पट्टी जोडली की फटीतून धूर निसटत नाही.

खरी कसोटी लागते ती हवेच्या वाटेवर, आणि अनेक हौशी कारागीर नेमके येथेच कमी पडतात, कारण वेल्डिंगच्या देखण्या सांध्यांवर जेवढे कष्ट घेतले जातात तेवढे धुराड्याच्या विचारावर घेतले जात नाहीत. तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर चढते आणि तिच्या जागी जाळपेटीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. आत 120 अंश आणि बाहेर 20 अंश तापमान असेल तर 1 मीटर उंचीच्या धुराड्यात निर्माण होणारा दाबाचा फरक अवघा 3 पास्कल असतो, तर वातावरणाचा दाब एक लाख पास्कलांहून अधिक असतो. एवढ्या नाजूक ओढीवर सगळी भट्टी चालत असल्याने अरुंद भोक, विनाकारण घेतलेले वळण किंवा तोकडे धुराडे यांपैकी एकही गोष्ट जाळ गुदमरवायला पुरेशी होते. जाळपेटीचे आकारमान टाकीच्या साधारण एक तृतीयांश ठेवावे, तिची पातळी टाकीपेक्षा खाली असावी आणि धुराड्याचे तोंड टाकीच्या माथ्याला नसून मांसाच्या जाळीच्या उंचीला असावे, असा रूढ ठोकताळा आहे. तोंड माथ्याला काढल्यास गरम हवा मांसाच्या वरूनच निघून जाते. काही कारागीर जाळीखाली सलग पत्रा घालून धूर आधी दूरच्या टोकापर्यंत नेतात आणि मग मांसावरून मागे फिरवून जाळपेटीच्याच बाजूच्या धुराड्यातून बाहेर काढतात. या उलट प्रवाहाच्या रचनेत तापमान अधिक सारखे राहते, पण जाळाला श्वास घ्यायला थोडे अधिक कष्ट पडतात.

हवेचा हा आग्रह चवीसाठीच असतो. लाकडातील लिग्निन या घटकाच्या विघटनातून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगे तयार होतात आणि धुराची ओळखीची चव व वास त्यांच्यामुळेच येतात. पण हवा कमी पडून लाकूड धुमसत राहिले की दाट पांढरा धूर निघतो आणि त्यातील काजळी व डांबरासारखा चिकट थर मांसावर बसून ते कडवट होते. टेक्सासात पोस्ट ओक या ओकच्या जातीचे वाळलेले लाकूड वापरले जाते आणि धुराड्यातून जवळजवळ न दिसणारा, फिकट निळसर धूर निघावा यासाठी जाळ लहान पण सतेज ठेवला जातो. गाईच्या छातीचा ब्रिस्केट हा तुकडा इतका चिवट असतो की त्यातील कोलॅजेन हे जोडऊतींमधले प्रथिन विरघळून जिलेटिन व्हायला अनेक तास लागतात आणि आतले तापमान 93 अंशांच्या आसपास पोहोचावे लागते. मध्येच, सुमारे 65 ते 75 अंशांदरम्यान, तापमान तासन्‌तास वाढतच नाही, कारण मांसाच्या पृष्ठभागावरून उडून जाणारी वाफ मिळालेली उष्णता सोबत घेऊन जाते. अशा वेळी धीर सुटून जाळ वाढवणाऱ्याचे मांस वरून करपते.

तयार झालेल्या भट्टीत लगेच मांस ठेवले जात नाही. आतल्या पत्र्याला खाद्यतेलाचा पातळ हात देऊन काही तास चांगला जाळ केला जातो, म्हणजे वेल्डिंगची घाण आणि राहिलेला दर्प जळून जातो आणि तेलाचा कडक थर पोलादाला गंजापासून वाचवतो. त्यानंतर जाळीवर कच्च्या पिठाच्या लहान गोळ्या सारख्या अंतरावर मांडून भाजल्या जातात. कोणती गोळी आधी करपली आणि कोणती कच्ची राहिली यावरून टाकीतली गरम आणि थंड जागा कळते, आणि धुराडे वाढवायचे की जाळपेटीच्या तोंडाशी आडवा पत्रा लावायचा, हे त्या गोळ्या पाहूनच ठरवले जाते.