वाफेच्या खेपा मोजून दमा कळत नाही

मुलांच्या दम्याची चर्चा निघाली की आकडे पुढे येतात ते दवाखान्याचे: किती मुलं आली, किती भरती झाली, किती जणांना वाफ द्यावी लागली. आकडा कमी म्हणजे आजार कमी, असा अर्थ आपण सहज लावतो. बीड जिल्ह्यात तो लावता येत नाही. दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात ज्याचा कागद निघाला, ते पोर ऐन थंडीत धापेला येतं तेव्हा कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर, कोपीत, चुलीच्या धुराशेजारी असतं. तिथला डॉक्टर त्याला पहिल्यांदाच बघतो, वाफ देतो, पोराची छाती मोकळी होते आणि आईबाप पहाटे फडात जातात. ही भेट बीडच्या खात्यावर पडत नाही. जिथे पडते तिथेही ‘सर्दी-खोकला’ एवढीच नोंद होऊ शकते. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत दम्याची लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांचं निदानच झालेलं नव्हतं.

उलट, भेटी वाढल्या म्हणजे उपचार पोचले, असंही नाही. वाफेतलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेचे आवळलेले स्नायू चार-सहा तास सैल करतं. आतली सूज तशीच राहते. टँकरच्या खेपा वाढल्या म्हणून विहिरीला पाणी लागत नाही, तसंच हे. सूज उतरवतो तो रोज ओढायचा स्टेरॉइडचा पंप.  

‘पंपाची सवय लागते, वाढ खुंटते’ हा आक्षेप खोडसाळ नाही. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात ब्युडेसोनाइडचा पंप घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. पण पंपाची रोजची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. तो टाळून वारंवार अटॅक आले, तर पोटात जाणारं प्रेडनिसोलोन मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं आणि ते सगळ्या अंगात भिनतं. दुसरा आक्षेप असा, की लहान मुलाला पंप नीट ओढता येत नाही आणि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, परवडत नाही. केपटाउनमध्ये संशोधक हेदर झार यांनी अटॅक आलेल्या मुलांवर ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीचा स्पेसर तपासला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तो विकतच्या स्पेसरइतकाच चालला. शीतपेयाची रिकामी बाटली प्रत्येक तळावर मिळते. खरी अडचण आहे ती रोज दोनदा आठवणीनं औषध देणाऱ्या माणसाची. ऊसतोड मजुरांची मुलं गावातच राहावीत म्हणून शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालतात. जेवणाआधी तिथे पंप देऊन वहीत खूण करता येईल. जी मुलं फडावर जातात, त्यांच्या कागदावर औषधाचं नाव, मात्रा आणि अटॅक आल्यावर काय करायचं, हे मराठीत लिहून दिलं तर पुढच्या तालुक्यातल्या डॉक्टरला वाफेपलीकडचं काही सुचेल.