डिफेंडर फुकट का?

लाखनीत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानदार वाचकाचा प्रश्न आला आहे : "सर, विंडोजवाले अँटिव्हायरस फुकटात देते, त कंपनीले का भेटते जी?"

त्यांच्या मशीनला दिवसभर पोरांचे पेनड्राइव्ह लागतात. मार्कशीटचं फोल्डर उघडायला जावं, तर त्याच्या जागी शॉर्टकट, म्हणजे व्हायरसचंच काम. त्यांची शंका रास्त आहे.

एकेकाळी व्हायरस काढणं हा स्वतंत्र धंदा होता, आणि त्यात आपली मराठी माणसं पुढे होती. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर कॉम्प्युटर दुरुस्तीत आले, धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला, आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. सुरुवातीच्या त्या काळात विंडोजची भोकं बुजवायचे पैसे गिऱ्हाईक दुसऱ्याला देत होतं आणि मायक्रोसॉफ्टला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं.

मोठा दणका बसला तो ऑगस्ट 2003 मध्ये. ब्लास्टर नावाचा वर्म कुठेही क्लिक न करता नेटवरून मशीनमध्ये शिरायचा. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी, की मशीन रीस्टार्ट. त्याच्या कोडमध्ये बिल गेट्सला उद्देशून लिहिलं होतं की पैसे कमावणं थांबव आणि सॉफ्टवेअर नीट कर. गंमत म्हणजे दुरुस्ती जुलैतच आली होती. लोकांनी टाकली नव्हती. तरी शिव्या विंडोजनेच खाल्ल्या.

मग मायक्रोसॉफ्टने आधी स्वतःचा अँटिव्हायरस विकून पाहिला. 2006 मध्ये वनकेअर आलं, तीन मशीनना वर्षाला सुमारे पन्नास डॉलर. पण ज्यांची मशीन सगळ्यात रोगट, तेच पैसे भरत नाहीत. एका बांधीतला तुडतुडा तसाच राहिला तर शेजारच्या धानावर फवारून उपयोग काय? 2009 मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स फुकट दिलं, आणि 2012 च्या विंडोज 8 पासून अँटिव्हायरस डिफेंडर म्हणून आतच आला.

आता "का भेटते" त्याचं उत्तर. एक, विंडोजचं नाव राखलं जातं. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं : सेटिंग चालू असेल तर संशयास्पद फाइलचे नमुने घरोघरच्या मशीनवरून कंपनीकडे जातात. त्या माहितीच्या बळावर तीच कंपनी बँकांना, कारखान्यांना महागडी सुरक्षा विकते. सुरक्षेच्या धंद्याची वर्षाची उलाढाल 20 अब्ज डॉलरवर गेल्याचं तिने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं. धर्मादाय काही नाही!

बाकीच्या अँटिव्हायरसवाल्यांनी आरडाओरडा केलाच. कॅस्परस्कीने 2017 मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली, मायक्रोसॉफ्टने काही बदल मान्य केल्यावर ती मागे घेतली. आजही दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो.

राहिला दुकानाचा प्रश्न. तेवढ्या कामाला डिफेंडर पुरतो, वेगळा विकत घ्यायची गरज मला दिसत नाही. मात्र विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा मशीनवर कोणतं विंडोज आहे ते आधी बघा. आणि क्रॅक केलेल्या फोटोशॉपसोबत "आधी डिफेंडर बंद करा" अशी सूचना आली, तर ती फाइल तिथेच डिलीट करा.