जुन्या बाजारात लेकीसोबत

शहरात राहणाऱ्या नोकरदार माणसाला सहल म्हटले की आधी खर्चाचा आकडा दिसतो. महाबळेश्वर, माथेरान, नाहीतर एखादा वॉटर पार्क! चार माणसांच्या कुटुंबाचा निम्मा पगार दोन दिवसांत संपतो. मग सुट्टी घरातच, टीव्ही आणि मोबाईलपुढे जाते. मुले केव्हा मोठी झाली, त्यांच्या मनात काय चालले आहे, हे आपल्याला कळतही नाही. यावर मी आणि नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने काढलेला एक उपाय वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

महिन्यातून एका शनिवारी आम्ही दोघे कल्याणहून लोकल पकडतो आणि मुंबईतील जुने बाजार पायी फिरतो. नियम तीनच. डबा घरचा. खरेदीला तिच्या हातात दोनशे रुपये. आणि हिशेब तिनेच वहीत लिहायचा.

घरातूनच आला विरोध

पहिल्याच फेरीत लेकीने फूटपाथवरून दीडशे रुपयांना एक जुने जीन्सचे जाकीट आणले. तिच्या मैत्रिणींमध्ये अशा कपड्यांना 'व्हिंटेज' म्हणतात आणि ते मोठ्या अभिमानाने घालतात. माझ्या आईने मात्र ते पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"दुसऱ्याच्या अंगावरचं घालणार व्हय गं तू? माझ्या आईच्या अंगावर मयतावरचं लुगडं मी बघितलंय. ते सुटावं म्हणून माणसं गाव सोडून आली."

आईचे बोलणे उडवून लावण्यासारखे नव्हते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने काय वापरावे याची यादीच आहे. मृतांची वस्त्रे, फुटकी भांडी, लोखंडाचे दागिने! आपल्या गावगाड्यात तीच रीत प्रेतावरचे कापड आणि शिळी भाकरी या रूपाने शेकडो वर्षे चालली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की तुमची जात ओळखू येईल असा पेहराव आणि दागिने टाकून द्या, स्वच्छ नीटनेटके राहा. आपल्या आया-आज्यांनी ते ऐकले आणि पोटाला चिमटा घेऊन नवे लुगडे घेतले. अशा घरातली नात जुने कपडे विकत आणते म्हटल्यावर आजीला धक्का बसणारच.

मग जुन्या बाजारात जाणेच बंद करावे काय? मला तसे वाटत नाही. उतरण आणि खरेदी यांत फरक आहे. उतरण देणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली. घेणाऱ्याला निवड नसते, नाही म्हणण्याची सोय नसते. बाजारात मात्र आपण वस्तू उलटून पाहतो, दोष काढतो, भाव करतो, पटले नाही तर पुढच्या दुकानात जातो. स्वतः बाबासाहेबांनी न्यूयॉर्कला १९१३ ते १९१६ या काळात शिकत असताना सुमारे दोन हजार जुनी पुस्तके विकत घेतली होती. विद्यार्थिदशेत पैशाची ओढाताण असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ग्रंथ जमवले. त्या ग्रंथांना कोणी उतरण म्हणेल काय?

हे सारे मी लेकीला आजीसमोरच सांगितले. आजी काही बोलली नाही. पण संध्याकाळी तिने ते जाकीट स्वतः गरम पाण्यात भिजत घातले, शिवण ओढून पाहिली आणि एवढेच म्हणाली, "शिवण पक्की हाय."

मंडईच्या दारावरचे शेतकरी

आमची फेरी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरू होते. दहा मिनिटे चालले की महात्मा जोतिबा फुले मंडई. लोक अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. ही इमारत १८६९ साली पुरी झाली. आत शिरण्याआधी मान वर करून पाहावे. दारावर दगडात कोरलेले शेतकरी दिसतात. ते काम लॉकवूड किपलिंग यांचे, म्हणजे प्रसिद्ध लेखक रुडयार्ड किपलिंग यांच्या वडिलांचे.

मी लेकीला विचारले, "या मंडईला जोतीरावांचे नाव का शोभते सांग बरे?" ती विचारात पडली. मग 'शेतकऱ्याचा असूड' हा १८८३ सालचा ग्रंथ तिला आठवला. ज्याने शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचा हिशेब मांडला, त्याचेच नाव त्याच शेतकऱ्यांच्या चित्राखाली! शाळेच्या पुस्तकातली एक ओळ तिला इथे दगडात सापडली.

मटण स्ट्रीटवरचा धोटा

तिथून महंमद अली रोडने, उड्डाणपुलाच्या सावलीतून, भेंडी बाजाराच्या अंगाला चोर बाजार लागतो. मुख्य गल्ली मटण स्ट्रीट. 'शोर बाजार'चा अपभ्रंश होऊन चोर बाजार झाले, असे सांगतात. शुक्रवारी इथली दुकाने बंद असतात, पण त्या दिवशी रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार भरतो. गर्दी नको असेल तर इतर दिवशी जावे.

पितळी दिवे, जहाजावरचे कंदील, लंबकाची घड्याळे, चित्रपटांची पोस्टरे, कर्णे लावलेले ग्रामोफोन. लेकीने लाखेची जुनी तबकडी हातात घेतली. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे आणि हातातून पडली तर तुकडे, हे ऐकून ती आश्चर्याने बघतच राहिली.

एका दुकानाबाहेर लोखंडी सामानाच्या ढिगात तिला होडीच्या आकाराची एक लाकडी वस्तू सापडली. दोन्ही टोकांना धातूची टोपणे, मध्ये पोकळी, बाजूला बारीक भोक. दुकानदार चाचा म्हणाले, "शोपीस है बेटी, टेबल पे रखो." मी म्हटले, हा शोपीस नाही, हा कापड गिरणीतला धोटा आहे. यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा आणि सुताचे टोक त्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचा.

आणि इथेच मला तिला पुढची गोष्ट सांगता आली. सूत तोंडाने ओढावे लागते, त्यामुळे विटाळ होतो, एवढ्या कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. चांगली मजुरी मिळायची ती तिथेच. आपली माणसे कमी मजुरीच्या कताई खात्यात राहिली. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. माझे आजोबा गिरणीत कताई खात्यातच राबले.

लेक बराच वेळ तो धोटा हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "पप्पा, इथे नवाबांचे दिवे आहेत, साहेबांच्या खुर्च्या आहेत. आपल्या लोकांच्या घरातलं काहीच नाही असं मला वाटत होतं. पण हे आहे की!"

चाचांनी तीनशे सांगितले. तिने टोपणाजवळची चीर दाखवली, दोनदा पाठ फिरवली आणि एकशे साठला सौदा केला. वहीत तिने लिहिले, 'धोटा १, रुपये १६०, शिल्लक ४०.'

पुस्तकांचे फूटपाथ

शिल्लक चाळीस रुपये फोर्टात खर्च झाले. हुतात्मा चौकाच्या परिसरातील फूटपाथवरची पुस्तके हा मुंबईच्या गरीब विद्यार्थ्यांचा जुना आधार. १९४६ साली सुरू झालेले सिद्धार्थ महाविद्यालय याच भागात. दिवसा नोकरी आणि सकाळी कॉलेज करणाऱ्या किती तरुणांनी या फूटपाथवरून निम्म्या किमतीत क्रमिक पुस्तके घेतली असतील! आज विक्रेते पूर्वीइतके राहिलेले नाहीत, तरी जे आहेत त्यांच्याकडे अजून चांगले पुस्तक सापडते. माटुंग्याला महेश्वरी उद्यानाजवळच्या फूटपाथवरही अशी पुस्तके मिळतात. लेकीने चाळीस रुपयांत एक मराठी-इंग्रजी शब्दकोश घेतला. पहिल्या पानावर कुणा विद्यार्थिनीचे नाव आणि तुकडी लिहिलेली आहे. त्याखाली हिने आपले नाव लिहिले.

काही सूचना

अनुभवातून सुचलेल्या चार गोष्टी सांगतो. जुने म्हणून दाखवलेले सगळेच जुने नसते. ग्रामोफोन, होकायंत्रे, नाणी यांत नवीन करून जुनी भासवलेली पुष्कळ असतात. पितळेला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून छोटा चुंबक खिशात ठेवावा. चिकटला तर वरचा मुलामा समजावा. मोबाईल किंवा विजेची वस्तू पावतीशिवाय घेऊ नये, कारण चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, शिल्पे अशा पुरावस्तूंना १९७२ चा कायदा लागू होतो. त्यांच्या वाटेला जाऊच नये. कपडे आणल्याबरोबर गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. आणि भाव करताना विक्रेत्याशी आदराने बोलावे. त्याचेही पोट त्या ढिगावर आहे.

घरातला बाजार

त्या रात्री लेकीने धोटा आजीच्या हातात दिला. आजीने तो उलटसुलट केला आणि म्हणाली, "ह्याला हात लावू देत न्हवते. मामंजी सांगायचे." मग तिने सासऱ्यांच्या पाळ्यांच्या, खोलीतल्या दहा माणसांच्या, रेशनच्या रांगेच्या गोष्टी सांगितल्या. मी त्या कधी ऐकल्या नव्हत्या. आता लेकीने हिशेबाच्या वहीची मागची बाजू उघडली आहे. घरातली पत्र्याची ट्रंक, आजीचे जाते, जेवणाचा जुना डबा, भीमगीतांच्या कॅसेट, एकेक वस्तू कुणी, कधी, कशासाठी घेतली हे ती आजीला विचारून लिहून ठेवते.

बंधू-भगिनींनो, धोट्यावर कसली चिठ्ठी नव्हती. सांगणारे कोणी नसते तर तो कुणाच्या तरी टेबलावर शोपीस म्हणूनच राहिला असता. आपल्या घरांतही अशा कितीतरी वस्तू आणि कागद दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातात. म्हणून एवढेच सुचवतो. महिन्याचा एक शनिवार मुलीला द्या. तिच्या हातात थोडे पैसे द्या आणि भाव तिलाच करू द्या. आणि घरी आल्यावर, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ तिला वही घेऊन बसवा. ती माणसे बाजारात पुन्हा मिळत नाहीत.