‘चांगल्या सापडतच नाहीत!’

कॉलेजच्या एकांकिकेची तालीम रात्री अकरापर्यंत चालते. मुलींच्या होस्टेलचं गेट मात्र आठला बंद होतं. आणि मग ग्रुपवर कुणीतरी सहज विचारतं, ‘आपल्याकडे मुली लाइट्स का नाही करत?’ ऐकलंय ना हे?

असाच प्रश्न १९७० मध्ये लिंडा नॉक्लिन यांना विचारला गेला. अमेरिकेतल्या व्हॅसर कॉलेजमध्ये त्या कलेचा इतिहास शिकवायच्या. पदवीदान समारंभाच्या वेळी एक गॅलरीवाला त्यांना म्हणाला, बायकांची चित्रं लावायला मला आवडेल, पण चांगल्या चित्रकार सापडतच नाहीत. थोर स्त्री-चित्रकार का नाही झाल्या?

नॉक्लिनबाईंनी १९७१ मध्ये याच प्रश्नाचं शीर्षक देऊन लेख लिहिला. गंमत म्हणजे, विसरलेल्या नावांची यादी पुढे करून त्या थांबल्या नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं : आधी वर्गात कुणाला बसू दिलं ते बघा. मोठा चित्रकार व्हायचं तर नग्न मॉडेल समोर बसवून शरीर रेखाटायला शिकावं लागे. लंडनच्या रॉयल अकॅडमीत मुलींना या वर्गाचं दार १८९३ पर्यंत बंद होतं. उघडलं तेही अर्धवट. मॉडेलच्या अंगावर कपडा हवाच!

बरं, ज्या तरीही शिकल्या त्यांचं काय? ज्युडिथ लेस्टर ही सतराव्या शतकातली डच चित्रकार. हार्लेम शहरातल्या चित्रकारांच्या संघाची ती सदस्य होती. पण मरणानंतर तिची चित्रं फ्रान्स हाल्स या बड्या चित्रकाराच्या नावावर खपली. १८९३ मध्येच अशा एका चित्रावर तिची खूण सापडली : ‘जे. एल.’ ही अक्षरं आणि एक तारा. पेढे वाटणं राहिलं बाजूला, ‘हाल्स’ म्हणून चित्र घेणाऱ्यानं थेट कोर्ट गाठलं! चित्र तेच, रंग तेच, फक्त नाव बदललं होतं.

नॉक्लिनबाई लेखावर थांबल्या नाहीत. १९७६ मध्ये अ‍ॅन सदरलंड हॅरिस यांच्यासोबत त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये १५५० ते १९५० या चारशे वर्षांतल्या ८०हून अधिक स्त्री-चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं. शोधल्यावर सापडल्या की!

तेव्हा पुढच्या वेळी ‘मुली का नाही करत?’ असं कुणी विचारलं, तर नावं आठवत बसू नका. गेट कितीला बंद होतं, ते विचारा. आणि तालीम साडेसातला संपवता येईल का, तेही.