गाणाऱ्याचे नाव, गाण्याचे नाव

मुलांनो, नालवाडी हे वर्धा शहराला लागून असलेले गाव आहे. विनोबा भावे काही वर्षे येथे राहत होते. याच गावात एकदा मी सातवीच्या वर्गाला संत एकनाथांचे 'वासुदेव' हे भारूड शिकवत होतो. एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, वासुदेव हे माणसाचे नाव की गाण्याचे?"

मी म्हणालो, "दोन्हींचे."

सारा वर्ग हसला. पण प्रश्न चांगला होता. गाणारा आणि गाणे या दोघांचे नाव एकच कसे असेल? चला, आज आपण हेच समजून घेऊ.

तुमच्या ओळखीच्या शब्दापासून सुरुवात करू. कव्वाली कोण गातो? कव्वाल. हे दोन्ही शब्द 'कौल' या अरबी शब्दाशी नाते सांगतात. कौल म्हणजे वचन, बोल. हा शब्द मराठीतही आला आहे. निवडणुकीनंतर वर्तमानपत्रात 'जनतेचा कौल' असे छापून येते, ते तुम्ही वाचले असेल. कव्वाल आणि कव्वाली हे एका घरातले शब्द आहेत, पण ते दोन आहेत. गाणारा वेगळा, गाणे वेगळे.

मराठीत याचे तीन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात दोन्ही नावे अगदी निराळी असतात. पोवाडा गातो तो शाहीर. दुसऱ्या प्रकारात एका नावातून दुसरे नाव तयार होते. अंबाबाईचा किंवा रेणुकेचा गोंधळ घालतो तो गोंधळी. रात्री दिवटी पेटवून, संबळ आणि तुणतुणे वाजवून तो देवीची गाणी गातो. भजन गाणाऱ्यांचे होते ते भजनी मंडळ. तिसऱ्या प्रकारात मात्र दोघांचे नाव एकच असते. वासुदेव हा याच प्रकारातला.

वासुदेव तुम्ही पाहिला आहे का? डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, अंगात पायघोळ झगा, हातांत टाळ आणि चिपळ्या, पायांत घुंगरू. पहाटे गाव जागे होण्याच्या वेळी तो दारोदार येई. गात गात गिरकी घेई. घरातली बाई सुपातून धान्य आणी. ते घेऊन तो ठिकठिकाणच्या देवांची नावे घेई आणि दान पोचल्याचे सांगे. त्याच्या या गाण्यालाही 'वासुदेव' असेच म्हणतात.

मग वाक्यात दोन्ही ओळखायचे कसे? क्रियापदाकडे पाहा. 'वासुदेव दारात आला' म्हटले की माणूस आला. 'त्याने वासुदेव म्हटला' म्हटले की गाणे झाले. शब्द तोच, अर्थ मात्र शेजारचे शब्द सांगतात.

आता एकट्या गाणाऱ्याकडून गाणाऱ्यांच्या समूहाकडे येऊ. आषाढी एकादशीसाठी वारकरी पायी पंढरपूरला जातात. वाटेने एकत्र गात जाणाऱ्या वारकऱ्यांच्या समूहाला 'दिंडी' म्हणतात. दिंडीत विणेकरी असतो, मृदंग वाजवणारे असतात, टाळकरी असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया असतात. आपल्या वर्धा नदीच्या काठी अमरावती जिल्ह्यात कौंडण्यपूर आहे. तेथूनही रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. पण मराठी कवितेच्या एका चालीचे नावही दिंडीच आहे. या वृत्ताच्या प्रत्येक ओळीत १९ मात्रा असतात. ९ मात्रांनंतर किंचित थांबायचे आणि उरलेल्या १० मात्रा म्हणायच्या. १८८० साली रंगभूमीवर आलेल्या 'संगीत शाकुंतल' या नाटकातही दिंड्या आहेत. म्हणून 'दिंडी निघाली' म्हणजे माणसे निघाली आणि 'दिंडी म्हटली' म्हणजे पद्य म्हटले.

गाण्याला गाणाऱ्याचे नाव का मिळते? याचे उत्तर एकनाथांच्या भारुडांत सापडते. एकनाथ सोळाव्या शतकात पैठणला होऊन गेले. धर्माचा आणि नीतीचा उपदेश साध्या माणसांपर्यंत पोचावा, ही त्यांची तळमळ होती. दारावर रोज येणारा माणूस लोकांच्या ओळखीचा. म्हणून एकनाथांनी आपले बोल त्याच्याच तोंडी घातले. भारूड म्हणणारा त्या माणसाचे सोंग घेतो आणि त्याच्याच भाषेत बोलतो. जो बोलतो त्याचेच नाव भारुडाला मिळते. 'वासुदेव', 'जोगी', 'पांगुळ' ही अशीच नावे आहेत. त्यांत तुमच्या चांगल्या ओळखीचेही दोन शब्द आहेत, 'फकीर' आणि 'दरवेश'. एकनाथांच्या ओसरीवर या सर्वांना जागा होती.

परदेशातही असे घडते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात चार तरुणांचा एक वाद्यवृंद होता. त्याचे आधीचे नाव 'अर्थ', म्हणजे पृथ्वी. त्याच नावाचा आणखी एक वाद्यवृंद असल्यामुळे घोटाळा होऊ लागला. तेव्हा त्यांनी 'ब्लॅक सॅबथ' या आपल्याच गाण्याचे नाव स्वतःला घेतले. १९७० साली त्यांची पहिली तबकडी निघाली, तिचे नावही तेच. ५ जुलै २०२५ रोजी त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्या तरुणांनी नाव आपल्या मर्जीने निवडले होते. वासुदेवाला मात्र ते जन्माने मिळते.

याचा अर्थ मला एका जुन्या प्रसंगाने कळला. तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत होतो. नवा मुलगा दाखल झाला. रजिस्टरात जातीच्या रकान्यात मी 'वासुदेव' असे लिहिले. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत गोंधळी, वासुदेव, पांगुळ ही नावे आहेतच. जवळ उभ्या असलेल्या मुलांनी ते वाचले. "अरे, मग नाचून दाखव की!" असे म्हणून ती हसू लागली. मुलाने मान खाली घातली. त्याचे वडील सायकलवर प्लास्टिकची भांडी विकत. त्यांनी मोरपिसांची टोपी कधी घातली नव्हती.

मी मुलांना काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात ते भारूड वाचून दाखवले आणि ते पुस्तक त्या मुलाला घरी नेऊ दिले. चार दिवसांनी त्याने ते परत आणले. म्हणाला, "आजोबांना वाचून दाखवले, सर. ते म्हणाले, पुस्तकात एकच आहे. आम्हांला सकाळभर पुरतील एवढी येत."

या वेळी त्याची मान खाली नव्हती. मी विचारले, "तुला त्यांतली किती येतात?"

तो म्हणाला, "अजून एकही नाही. पण आजोबा शिकवणार आहेत."

मुलांनो, पुस्तकात गाण्याचे नाव वाचाल, तेव्हा त्याच नावाची माणसे आपल्यातच राहतात, हे विसरू नका. त्या नावाला हसू नका. जमले तर त्या घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि म्हणा, "आजोबा, एक गाणे म्हणा ना!"

स्वाध्याय

१. कव्वाल–कव्वाली आणि वासुदेव–वासुदेव या जोड्यांत काय फरक आहे?
२. 'दिंडी' या शब्दाचे दोन अर्थ सांगा आणि प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
३. एकनाथांनी आपले बोल वासुदेवाच्या तोंडी का घातले?
४. नव्या मुलाने मान खाली का घातली? तुम्ही तेथे असता तर काय केले असते?